सहाशे तबकड्या आणि एक रकाना

आमची ही क्लबमध्ये डीजे आहे, असं सांगितलं की लोक आधी माझ्या टकलाकडे बघतात आणि मग विषय बदलतात. मी ग्रंथालयात वर्गवारीच्या कामाला आहे. आलेल्या पुस्तकाचा विषय ठरवायचा, त्याला क्रमांक द्यायचा आणि त्याच्या कपाटात त्याची रवानगी करायची, हे मी एकोणतीस वर्षं करतोय. फॉर्मवरचा एकही रकाना कोरा सोडल्याचं मला आठवत नाही. आणि लग्न केलं ते अशा बाईशी, जिला कुठल्याच कपाटात ठेवता येत नाही.

हिच्या वडिलांचं रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त झालेला प्लेअर नीट चालतो का, हे बघायला ते गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या तबकड्या वापरत. लष्करी बँड, ऑपेरा, अंगाईगीतं, परकी भाषा शिकवणारे धडे, जंगलातल्या पक्ष्यांचे आवाज, जे हाताला लागेल ते. प्रत्येकाची दोन मिनिटं, की पुढची तबकडी. ही शाळेतून येऊन तिथेच स्टुलावर गृहपाठ करायची. गाणी अशीच ऐकायची असतात, अशी हिची पक्की समजूत झाली. एकदा मैत्रिणीच्या घरी एकाच गायकाची अख्खी तबकडी ऐकावी लागली, तेव्हा हिने अर्ध्यातच विचारलं, "काका, तुमचा प्लेअर बिघडलाय का?"

पुढे क्लबातही हिने तेच केलं. डिस्कोच्या पोटात मेंढपाळांचं गाणं, टेक्नोच्या ठोक्यावर भाषेचा धडा, त्यातून थेट जाझ. एका वर्तमानपत्राच्या समीक्षकाने लिहिलं, "ही निवड नव्हे, ही निव्वळ सरमिसळ आहे." दुसऱ्या कुणी ते कात्रण फाडून टाकलं असतं. हिने पुढच्या जाहिरातीवर हातभर अक्षरांत छापलं, "आज सरमिसळ." तेव्हापासून तेच हिचं नाव पडलं. अपमान असा अंगावर घालून मिरवणं मला तेव्हा मुळीच आवडलं नव्हतं. हिने माझ्या नापसंतीला भीक घातली नाही.

अशी बावीस वर्षं गेली. मग म्हाताऱ्या मालकांनी क्लब जावयाच्या हवाली केला. हा जावई हुशार, टापटिपीचा आणि सदा हातात एखादा कागद धरलेला. आम्ही घरात त्याला जावईबापू म्हणायला लागलो. पहिल्याच आठवड्यात त्याने यादी करून आठवड्याच्या सात संध्याकाळी सात प्रकारच्या संगीताला वाटून टाकल्या. हिच्या वाट्याला शुक्रवार आला, आणि त्यात फक्त हाउस वाजवायचं. म्हणजे पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत तोच एक ठोका.

"ताई, आत काय मिळणार ते लोकांना बाहेरूनच कळायला हवं," तो म्हणाला.

"आत मी मिळणार," ही म्हणाली.

"यादीप्रमाणे जमणार नसेल तर एक तारखेपासून नाही आलात तरी चालेल."

हिचा राग नाकावर असतो, पण त्या दिवशी आवाज अगदी थंड होता म्हणे. "रविवारी दुपारी चार ते सात मला द्या. मला हवं ते वाजवीन. तीन तासांत एकदा जरी नाचायचा फ्लोअर रिकामा झाला, तर तुमची यादी घेईन आणि हात चालतायत तोवर तेवढंच वाजवीन. नाही झाला, तर शुक्रवार माझा आणि यादी तुमच्या खिशात."

जावईबापू हसून "चालेल" म्हणाला. मला मात्र ते ऐकून हसू आलं नाही. "कशाला एवढा हट्ट?" मी घरी म्हणालो. "यादीत असं वाईट काय आहे?"

"उद्यापासून फक्त भूगोलाची पुस्तकं वाचायची, असं तुला कुणी सांगितलं तर?"

"वाचीन की," मी म्हणालो. खरंच वाचली असती. ही शुक्रवारी दोन दिवसांसाठी माहेरी निघून गेली.

आता माझा पराक्रम सांगतो. हिच्या सहाशे तबकड्या नऊ खोक्यांत असतात. अंगाईगीताला चिकटून लष्करी बँड, त्याला चिकटून ऑपेरा, असा सगळा आनंद. प्रत्येक कव्हरवर एक चिकटवलेली चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलीने एक आकडा आणि लाल किंवा हिरवा ठिपका. मला वाटलं, एवढी महत्त्वाची परीक्षा आहे, बिचारीला वेळेवर काही सापडायचं नाही. मी दोन दिवस खपून सहाशेच्या सहाशे तबकड्या प्रकारानुसार लावल्या आणि प्रत्येक प्रकारात अकारविल्हे. खोक्यांवर टंकलेली लेबलं डकवली. गोंदाने कव्हर खराब होतं, हा आमच्याकडचा नियमच आहे, म्हणून चिठ्ठ्या ओल्या बोळ्याने हळुवार सोडवल्या आणि कचऱ्यात टाकल्या. रविवारी सकाळी कचऱ्याची गाडी येऊन गेली. मी इतका खूश होतो की खोक्यांची धूळसुद्धा पुसून ठेवली.

ही दुपारी दोनला आली. खोक्यांसमोर उभी राहिली. "चिठ्ठ्या कुठायत?"

मी सांगितलं. ही ओरडेल असं वाटलं होतं, पण ती जमिनीवर बसली. त्या आकड्यांचा अर्थ मला तेव्हा कळला. प्रत्येक गाण्यात मिनिटाला किती ठोके पडतात, ते घड्याळ लावून मोजलेलं. लाल ठिपका म्हणजे गाणं खाडकन थांबतं, हिरवा म्हणजे विरत जातं. अंगाई आणि बँड शेजारी होते, कारण दोघांची चाल एक होती. त्यातले कितीतरी आकडे वडिलांच्या हातचे होते.

"तू आणि तो जावईबापू," ही म्हणाली, "सख्खे भाऊ शोभाल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं. मी सांगून टाकलं की आजचं रद्द कर, मी जाऊन त्याची माफी मागतो.

"माफी? त्याची?" ही ताडकन उठली. "घड्याळ घाल मनगटात. आकडे तू फेकलेस ना? आता तूच मोजायचेस."

चार वाजता क्लबच्या उंच खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं आणि फ्लोअरवर पन्नास-साठ माणसं होती. हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आलेली एक थोराड नर्स नेहमीप्रमाणे पुढे होती. जावईबापू दाराशी हाताची घडी घालून उभा. मी हिच्या मागे हेडफोन लावून पुढची तबकडी ऐकायची, पंधरा सेकंद ठोके मोजायचे, चारने गुणायचे आणि आकडा हिच्या कानात ओरडायचा. निम्मे आकडे हिला पाठ होते. उरलेल्या निम्म्यांवर माझा घाम निघाला. पण दोन तास निभावले. ऑपेराची बाई डिस्कोवर स्वार झाली, भाषेचा धडा टेक्नोत मिसळला आणि अख्खा फ्लोअर "हे टेबल आहे, ही खिडकी आहे" असं परक्या भाषेत ओरडत नाचला.

सहानंतर मी एक छोटी तबकडी लावली. मुलींच्या समूहगाण्याची. "शहाण्णव!" मी ओरडलो. हिने चालू गाणं शहाण्णववर आणलं आणि माझी तबकडी सोडली.

स्पीकरमधून मुली आल्याच नाहीत. विहिरीच्या तळातून म्हातारे गात असावेत तसा घोगरा, संथ आवाज आला. छोट्या तबकडीला प्लेअरचा वेग वाढवावा लागतो, आणि मी तो वेगाचा खटका दाबलाच नव्हता. ठोके मोजण्याच्या नादात मला चूक कळलीही नव्हती, कारण ते गाणं मी कधी ऐकलेलंच नव्हतं. बावीस वर्षं एका घरात राहून.

लोक थबकले. मग एकेक जण कडेला सरकू लागला. वीस उरले, दहा उरले, चार. जावईबापूने हाताची घडी सोडली. हिचा हात खटक्याकडे गेला, आणि तिथेच थांबला. ही ऐकत होती. डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून, स्टुलावरची मुलगी ऐकत असेल तशी.

"खटका!" मी ओरडलो.

"गप्प बस," ही म्हणाली. "हे मीही कधी ऐकलं नव्हतं. बँडचं खोकं दे. तुझ्या त्या लेबलवाल्यातलं."

फ्लोअरवर आता एकटी नर्स होती. ती थांबली नव्हती. पायातले ड्यूटीचे पांढरे बूट जमिनीवर आपटत, त्या म्हाताऱ्यांच्या आवाजावर ती एकटीच डुलत होती. हिने खाली लष्करी ढोल सोडला. त्याचेही ठोके शहाण्णवच होते, हा आकडा हिला पाठ होता. घोगऱ्या आवाजाखाली ढोल असा बसला की माझ्या हातातला हेडफोन थरथरला. कडेची माणसं परत आली, आणि यायची थांबेनात. मी, ज्याने स्वतःच्या लग्नातही पाय हलवला नव्हता, मान डोलावत होतो. मला हिचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी पुसलंही नाही.

सात वाजता जावईबापू त्याचा कागद घेऊन आला. मानी माणूस, पण शब्दाला पक्का निघाला. "एक बाई होती, म्हणजे रिकामा नव्हता. शुक्रवार तुमचा," तो म्हणाला. "पण दारावरच्या फलकासाठी हे भरून द्या. संगीताचा प्रकार. रकाना आहे, काहीतरी लिहावंच लागेल."

हिने कागद माझ्यापुढे सरकवला. "ह्याला विचारा. ह्याचं आयुष्य त्यात गेलंय."

मी पेन घेतलं. सवयीने हात रकान्यावर गेलासुद्धा. समोर माझी नऊ खोकी उघडी पडली होती. बँडमध्ये ऑपेरा, ऑपेरात पक्षी, सगळी लेबलं खोटी ठरवून.

मी पेनाला टोपण लावलं आणि कागद त्याला परत दिला.

"कोरा राहू द्या," मी म्हणालो.

"असा कसा कोरा ठेवणार?"

"एकोणतीस वर्षं हेच काम करतोय मी," मी म्हणालो, आणि माझा आवाज हिच्यासारखा थंड लागला. "सांगतोय ना, कोरा राहू द्या."