बिनखुणांच्या टोप्या

कडावचा भिवाजी आधी मुंबईत मिस्त्री होता, असं सगळा गाव सांगत असे. लग्न ठरवताना त्याच्या बापाने जनाच्या बापाला हेच सांगितलं होतं. भिवाजीने ते कधी खोडलं नाही. खरी गोष्ट वेगळी होती. परळच्या एका मोटारींच्या कारखान्यात तो सहा वर्षं राकेलच्या घमेल्याशी बसून सामान धूत असे. मिस्त्री उघडत, तो धुई, मिस्त्री जोडत. ते जोडताना तो बघत राही. बघून बघून आपल्यालाही सगळं येतं, असं त्याला वाटायला लागलं होतं.

लढाई संपली त्या साली खंडाळ्याचा एक साहेब गाशा गुंडाळून विलायतेला निघाला. त्याची जुनी काळी मोटार भिवाजीने घेतली. कर्जत स्टेशनावर उतारू घ्यायचे आणि कडाव, चौक, खालापूर, कुठे म्हणतील तिथे सोडायचे. नवरदेव तिच्यातून मिरवले. अडलेल्या बायका तिच्यातून दवाखान्यात पोचल्या. गावात मोटार एकच, आणि तिचा मिस्त्रीही तोच. भिवाजीचं नाव झालं.

पुढल्या वर्षी भादव्यात खालापूरहून येताना इंजिनात ठोका वाजू लागला. चढाला जास्त, उताराला कमी. त्याने गाडी तशीच हळूहळू खोपोलीला नेली. घाटाच्या पायथ्याशी येसाजी मिस्त्र्याची शेड होती. घाट उतरून तापलेले ट्रक तिथे ओळीने उभे असत. येसाजीने पान्याचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले.

"बेअरिंग गेलंय भिवाजी. दांडे खोलावं लागतील. गाडी ठिवून जा."

"किती दिस?"

"पंधरा. जादाच लागतील."

शेडपाशी चार ड्रायव्हर विड्या ओढत बसले होते. त्यातला एक म्हणाला, "आरं, ह्यो तर सोता मिस्त्री हाय ना मुंबईचा? मंग हितं कशाला आला?"

भिवाजीला तेव्हाच हसून सोडून देता आलं असतं. गाडी ठेवून चालत घरी जाता आलं असतं. पण चार माणसं बघत होती.

"मी कुटं म्हनलं ठिवतो म्हून?" तो म्हणाला. "नुसता ठोका ऐकवायला आलो. खोलनार घरीच."

येसाजीने हातातला पाना पुसला. "खोल. पर एक कर. चार दांडे, चार टोप्या. एकाची टोपी दुसऱ्याला बसत नाय. खोलायच्या आधी ठशाने खुना कर. पयल्याला एक टिंब, दुसऱ्याला दोन."

"मला शिकवतोस व्हय रं?" भिवाजी म्हणाला आणि सगळे हसले. येसाजीही हसला.

परतताना मोटार निम्म्या वाटेत बसली. ती बैल जोडून घरी आणावी लागली.

त्याने अंगणात कमरेएवढा खड्डा खणला. त्यावर फळ्या टाकून मोटार उभी केली आणि वर पेंढ्याचं छप्पर घातलं. गाव बघायला लोटला. भिवाजी खड्ड्यात उतरला. खालची तेलाची परात काढली, वरचं झाकण काढलं, एकेक दांडा सोडवला. प्रत्येक दांडा इंजिनाच्या धुऱ्याला मिठी मारून असतो. त्या मिठीचा खालचा अर्धा भाग म्हणजे टोपी. चारी टोप्या दिसायला सारख्या, जशा एका साच्यातल्या विटा.

लोखंडावर टिंब ठोकायचा ठसा त्याच्याकडे नव्हता. लोहाराकडून मागून आणायला हवा होता. लोहार विचारील, मिस्त्र्याकडे साधा ठसा नाही? त्याने मनाशी म्हटलं, ओळीने ठेवतो म्हणजे झालं. पडवीत गोणपाट अंथरून त्याने सगळं सामान ओळीने मांडलं. पहिला दांडा, त्याची टोपी. दुसरा, त्याची टोपी. झिजला होता तो तिसरा. त्याच्या बेअरिंगात नवा मसाला, म्हणजे वितळवलेला मऊ धातू, ओतून आणायला भिवाजी तो टोपीसकट घेऊन मुंबईला गेला. जाताना जनाला एवढंच म्हणाला, "पोरांना पडवीत फिरकू देऊ नको."

जनाने पोरांना फिरकू दिलं नाही.

कारखान्यात गर्दी होती, दोन दिवस मोडले. भिवाजी परतला तो खंडेनवमीच्या दुपारी. दारात झेंडूचं तोरण होतं. पडवी सारवलेली होती, कडेने रांगोळी होती. पाटावर कोयता, विळा, नांगराचा फाळ मांडला होता. त्यांच्या शेजारी दुसऱ्या पाटावर मोटारीचं सामान होतं. जनाने ते गरम पाण्याने आणि राखेने लख्ख घासलं होतं. मोठं मागे, लहान पुढे, असं लावलं होतं. तीन दांडे एकीकडे होते. तीन टोप्या दुसरीकडे, एकमेकींवर रचून. प्रत्येकीला हळदकुंकवाचं बोट आणि एकेक फूल. शेजारच्या चार बाया कौतुकाने बघत होत्या. पलीकडच्या घरचा मालोजी ओट्यावर बसला होता.

"बगा," जना हसत म्हणाली. "तुमच्या मोटारीची पयली पूजा."

भिवाजीच्या हातातली पिशवी खाली पडली.

"कुनी सांगितलं हात लावायला? अक्कल हाय का गं तुला? समदी मोटार मारलीस माजी!"

चार बाया एकेक करून निघून गेल्या. जनाने वाकून फुलं उचलली, एकेक करून, आणि पदरात घेतली.

भिवाजी जाऊन खड्ड्याच्या काठावर बसला. मालोजीही तिथे येऊन बसला. "काय झालं रं?"

"टोप्या मिसळल्या. आता कुटली कुनाची काय कळायचं?"

खुणा केल्या नव्हत्या, हे तो बोलला नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की भिवाजीच्या बायकोने पूजा करून मोटार मारली.

दसऱ्याला गाव सोनं वाटत होतं आणि भिवाजी खड्ड्यात होता. ही टोपी त्याला, ती टोपी ह्याला. आवळल्या की हँडल फिरत नसे, सैल ठेवल्या की दांडे खडखडत. पुन्हा खोलायचं, पुन्हा जोडायचं. चार दिवस गेले. खड्डा रस्त्याला लागून होता. विहिरीवर जाणाऱ्या बायांचं बोलणं त्याला ऐकू येई.

"जने, आज कुनाची पूजा गं?"

"चुलीची नको करू बाय, इझंल!"

जना हसण्यावारी नेई. मग ती भर उन्हात पाण्याला जाऊ लागली, विहिरीवर कुणी नसताना. भिवाजीला खड्ड्यातून तिचे फक्त पाय दिसत. ते त्याच्याजवळ आले की लगबगीने पुढे जात. एकदा त्याला वाटलं, हाक मारावी. त्याने पाना उचलला.

पाचव्या दिवशी त्याला ताट वाढताना ती म्हणाली, "खोपोलीच्या मिस्त्र्यास्नी बोलवा. माज्यापायी झालंय. मी हात जोडते त्यांस्नी. तुमी नका काय बोलू."

घास त्याच्या तोंडातच राहिला. तो ताटावरून उठला, हात धुतले आणि खोपोलीची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी येसाजी एका ट्रकमधून कर्जतपर्यंत आला आणि तिथून चालत कडावला. मालोजी आधीच हजर होता. येसाजी पडवीत उकिडवा बसला. त्याने एकेक टोपी हातात घेतली, उलटी केली, अंगठ्याने कड चाचपली.

"खुना कुटं हायत?" त्याने विचारलं.

भिवाजी खांबाला टेकून उभा होता. उंबऱ्याच्या आतून जना म्हणाली, "मी राखेने घासल्या भाऊजी. गेल्या असतील त्यात."

येसाजीने मान वर केली. लोखंडात ठोकलेलं टिंब राखेने जात नाही, पाण्याने जात नाही, मोटार भंगारात गेली तरी जात नाही. हे येसाजीला ठाऊक होतं आणि भिवाजीला ठाऊक होतं. येसाजी भिवाजीकडे बघत राहिला. मालोजी जनाकडे बघून मिशीत हसत होता.

"खुना मी केल्याच नव्हत्या," भिवाजी म्हणाला. "तू सांगितलं व्हतंस. मी नाय केल्या. आन् मी मिस्त्री बी नव्हतो. मुंबईला सामान धूत व्हतो."

जना आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग तो थांबला.

"सामान धूत व्हतास?" येसाजी म्हणाला. "मंग धू. गंज चढलाय ह्येच्यावर. राकेल आन."

भिवाजी घमेलं घेऊन बसला. येसाजीने आत वळून हाक दिली, "वैनी, कपड्याची नीळ हाय का घरात?" जनाने पुरचुंडी आणून दिली. येसाजीने नीळ तेलात कालवली, खड्ड्यात उतरून ती धुऱ्याला बोटाने लावली, टोपी बसवून फिरवली आणि काढली. निळा डाग सगळीकडे सारखा उमटला की टोपी त्याच दांड्याची, असं बघत त्याने दिवस मावळेपर्यंत जोड्या लावल्या. ठसा त्याच्या पिशवीत होता. तो त्याने भिवाजीच्या हातात दिला. जनाने दांडा घट्ट धरला. भिवाजीने हातोडी मारली. एक टिंब. दोन. तीन. चार. तिने चारी वेळा दांड्याकडेच पाहिलं.

दोन दिवसांनी मोटार चालू झाली. भिवाजी पुढची दहा वर्षं पावसाळ्यात येसाजीच्या शेडमध्ये कामाला जात असे. तो खरोखर मिस्त्री झाला. कर्जत-खालापूर रस्त्यावर नुसता ठोका ऐकून दुखणं सांगणारा माणूस म्हणून लोक त्याला ओळखू लागले.

पण गावाची गोष्ट तीच राहिली. भिवाजी बायकोसाठी दोष अंगावर घेतोय, असं मालोजीने त्याच दिवशी गावभर सांगितलं होतं. दर खंडेनवमीला मालोजी पडवीशी थांबून ओरडे, "भिवाजी, सामान लपव रं! जना राख घेऊन आली!" पाहुण्यांना, नव्या सुनांना, मोटारीत बसलेल्या उतारूंना ही गोष्ट सांगितली जाई. भिवाजी दर वेळी म्हणे, "तिची चूक नव्हती. खुना मीच केल्या नव्हत्या."

लोक अजूनच हसत. बघा, बायकोला किती सांभाळून घेतो, म्हणत. मोठ्या मनाचा माणूस.

जना तेव्हा काही ना काही कामाने आत जाई. भिवाजी मान खाली घालून गाडीचं हँडल मारायला लागे.