निखाऱ्यावरची चिंबोरी

दुसऱ्याला हरवायची हौस असलेली माणसं गल्लोगल्ली भेटतात, पण दुसऱ्याने नेमकं किती हरावं याची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात एकच झाला, आणि तो माझ्या मावशीच्या पोटी जन्माला आला. सुट्टीत वटारला मावशीकडे गेलो की आम्ही भावंडं केळीच्या वाडीत लपाछपी खेळायचो. हा माझ्याहून मोठा, पण राज्य कुणी घ्यायचं हे ठरायच्या आत याच्या शंका सुरू. विहिरीमागची जागा लपायला फारच सोपी नाही का? धाकट्यांना पळायला वेळ पुरतो का? शंका मिटेपर्यंत मावशी जेवायला हाक मारायची. एका बाबतीत मात्र तो भलताच कडक होता. कुणालाही, अगदी शेंबड्या पोरालाही, कच्चा लिंबू धरायचं नाही. लहान आहे म्हणून खेळात घ्यायचं आणि बाद झाला तरी बाद म्हणायचं नाही, हा दयाळूपणा सगळीकडे चालतो, पण याला तो चक्क अपमान वाटायचा. "त्याला खेळायचंय ना? मग त्याला हरूही द्या," असं तो एखाद्या न्यायाधीशासारखा सांगायचा.

पुढे बटणांच्या मोबाईलचे दिवस आले आणि त्याला अंधेरीच्या एका कंपनीत फोनवरचे खेळ बनवायची नोकरी लागली. त्याच्या खेळात चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे आणि झुंजवायचे असत. सुरुवातीला तिघांतला एक प्राणी निवडायचा, पाण्याचा, पाल्याचा किंवा निखाऱ्याचा. पाणी निखाऱ्याला विझवणार, निखारा पाल्याला जाळणार, पाला पाणी पिऊन टाकणार. थोडं पुढे गेलं की जेट्टीवर पहिला रखवालदार उभा, म्हणजे पाण्यातला एक भलामोठा खेकडा, आमच्या भाषेत चिंबोरी. तिला हरवल्याशिवाय पुढचं जग उघडत नसे. बाकीचा खेळ भराभर तयार झाला, पण ही चिंबोरी काही केल्या जमेना. सोपी केली तर जिंकूनही काही केल्यासारखं वाटत नाही, अवघड केली तर माणूस फोन खिशात टाकून चालू लागतो. या दोहोंमधली जागा शोधताना माझ्या भावाला जिथे तिथे रखवालदार दिसू लागले. मिसळीचा पहिला घास खाऊन तो म्हणायचा, "सुरुवात जरा जास्तच कठीण ठेवलीय." मुलगी बघायला गेला, चहा-पोहे झाले, आणि बाहेर पडताच म्हणाला, "मुलगी चांगली आहे, पण तिचे वडील फारच सोपे होते." ते स्थळ का जमलं नाही हे त्याला आजवर कळलेलं नाही.

खेळ तपासायला तो दिसेल त्याच्या हातात फोन द्यायचा. गंमत अशी, की कंपनीतली मुलं चिंबोरीला हसतखेळत हरवत होती आणि वसईत मात्र जो तो आपटत होता. कारण काही कळेना. शेवटी एकदा तो मला घेऊन पाचूबंदरला गेला आणि मासळीचा लिलाव आटोपून टेकलेल्या एका कोळणीला त्याने खेळायला लावलं. तिने बेधडक निखारा निवडला आणि चिंबोरीने तो विझवून टाकला. बाई भडकल्या. "चिंबोरीसमोर निखारा नाय तर काय पानी घेऊ? आमी तिला निखाऱ्यावरच भाजतो ना!" आमच्याकडे चिंबोरी आणि निखारा यांचं नातं चुलीपाशी ठरलेलं असतं, हे माझा भाऊ त्याच चुलीजवळ वाढूनही विसरला होता.

मावशीनेही अर्थातच निखाराच घेतला होता आणि ती रोज हरत होती. तिला चिंबोरीपार नेता आलं तरच खेळ कंपनीला द्यायचा, असं त्याने ठरवून टाकलं होतं. आपला मुलगा दिवसभर काय करतो हे तिला कधी समजलंच नव्हतं, आणि ते तिला समजावं ही त्याची फार इच्छा होती. तिकडे साहेब घाई करत होते. शेवटी तो हरला आणि जन्मात केलं नव्हतं ते त्याने केलं. कुणी सारखं हरत असेल तर चिंबोरीने गुपचूप ढिलं पडायचं, अशी सोय करून ठेवली. मावशी जिंकली. तिने फोन ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"मला कच्चा लिंबू धरलंस?"

त्याला खोटं बोलता येत नसे. "हो," तो म्हणाला.

"नांगी उचलत होती आणि तशीच खाली ठेवत होती. एवढी दया चिंबोरीला कधीपासून यायला लागली?" आणि मग मावशीने अबोला धरला.

त्याने ती सोय उपटून टाकली. त्याऐवजी खाडीच्या चिखलात उड्या मारणारी एक इटुकली निवटी मासळी त्याने खेळात सोडली. ती शोधून पकडली, तर तिच्या मागे लागून चिंबोरी पाण्याबाहेर कोरड्या वाळूत येणार, आणि कोरड्यात निखाऱ्यापुढे तिचं काही चालणार नाही. हे त्याने मावशीला सांगितलं नाही, फोन तेवढा ओट्यावर ठेवला. मावशीला निवटी तिची तीच सापडली. "भाजली मेलीला!" ही आरोळी शेजारच्या वाडीत ऐकू गेली, आणि अबोला संपला.

ते फोन गेले, त्यांच्याबरोबर तो खेळही गेला. मावशी आता थकली आहे, गोष्टी विसरते. परवा गेलो तेव्हा आम्ही तिघं पाच-तीन-दोन खेळत बसलो. हुकूम कोणता, हे ती दर हाताला विचारत होती. एक हात असा आला, की तिने टाकलेलं पान भावाला सहज कापता आलं असतं. हुकमाचा एक्का त्याच्या हातात मला दिसत होता. त्याने तो हलवलाही नाही. बराच विचार केल्यासारखं करून, कपाळाला आठ्या घालून, चुकचुकत त्याने एक फुटकळ पान टाकलं.

मावशीने हात उचलला, तिचे पाच हात पुरे झाले, आणि तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "मला कच्चा लिंबू नाही ना धरलंस?"

"नाही गं आई," तो म्हणाला. "खरंच हरलो."

"मग पिस पुन्हा," मावशी म्हणाली, आणि पदर खोचून सरसावून बसली.