सध्यातरी बाई

बस आगाराच्या तळघरात हरवल्या-सापडल्या सामानाचं खातं होतं आणि त्या खात्यात सव्वीस वर्षं एकच बाई बसत होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. ड्रायव्हर-कंडक्टरांपासून वरच्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना ‘सध्यातरी बाई’ म्हणायचे. तोंडावरसुद्धा. बाईंना त्याचं काही वाटायचं नाही, कारण नाव त्यांच्याच हातच्या अक्षरातून आलं होतं. कुठली वस्तू कुणाला द्यायची याचा निकाल नोंदवहीत लिहिताना त्या सुरुवात कायम तशीच करायच्या. ‘सध्या तरी ही छत्री यांची दिसते.’ ‘सध्या तरी हा चष्मा यांचाच.’ आणि त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरात, पुढे काय कळलं तर हा निकाल बदलावा लागेल तेही लिहून ठेवायच्या.

साहेबांना हे पटत नसे. एकदा दिलं की दिलं, विषय संपला, असं ते दर दोन-चार महिन्यांनी खाली येऊन ऐकवून जात. बाई मान डोलवायच्या आणि साहेबांचे बूट जिन्यावरून दिसेनासे झाले की पुढची नोंद जशीच्या तशी करायच्या.

तळघराला छतालगत खिडकीची एक पट्टी होती. तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे घोट्यापर्यंतचे पाय दिसत. आत लोखंडी मांडण्यांवर छत्र्या, डबे, एकेकट्या चपला, दप्तरं आणि एका कोपऱ्यात कुबड्यांच्या तीन जोड्या. कुबड्या बसमध्ये विसरून माणूस उतरून चालत गेला कसा, याचं कोडं बाईंना सव्वीस वर्षांत उलगडलं नव्हतं.

घरी त्या एकट्या होत्या. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांनी आईचं सगळं केलं, आणि आईला जाऊन आता अकरा वर्षं झाली होती. एक धाकटी बहीण होती. ती नदीपलीकडे, बसने बारा थांब्यांवर राहायची. आईच्या शेवटच्या दुखण्यात बाईंनी तिला इस्पितळातून फोन केला होता, ती ‘येते’ म्हणाली होती आणि आली नव्हती. आई त्याच संध्याकाळी गेली. धाकटीला आईचं काही पडलेलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ, असं बाईंनी ठरवलं. नंतर ती दारात आली तेव्हा बाईंनी तिला पाणी दिलं, पण तोंडातून एक शब्द काढला नाही. पुढे येणंजाणं आटलं आणि मग फोनही.

बाईंच्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते तेव्हा कंपनीने ठरवलं की हे खातं संगणकावर न्यायचं. हक्क सांगायला येणाऱ्याने पडद्यावर उत्तरं भरायची आणि वस्तू द्यायची की नाही ते यंत्राने सांगायचं. त्यासाठी बाईंच्या डोक्यातले नियम काढून घ्यायला एक मुलगी आली. पंचविशीची, केस आखूड कापलेले, चहात बिस्किट बुडवून ते दर वेळी कपातच पडू देणारी. पहिल्या दिवशी ती ‘मॅडम’ म्हणाली, तिसऱ्या दिवशी ‘मावशी’वर आली.

तिने पहिला नियम विचारला. जो आतल्या सामानाचं बरोबर वर्णन करेल त्याची पिशवी, असं बाईंनी सांगितलं. मुलीने ते टाइप केलं आणि पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तोवर बाई म्हणाल्या, “पण...”

तो पहिला ‘पण’. एकदा एका तरुणाने तपकिरी पिशवीतलं सगळं धडाधडा सांगितलं होतं. चष्म्याचं घर, अर्धवट विणलेला बाळमोजा, त्यात अडकवलेली हिरवी सुई. बाईंनी पिशवी दिली. दोन दिवसांनी एक म्हातारे गृहस्थ आले आणि त्यांनीही तेच सगळं सांगितलं, वर जोडीचा दुसरा मोजा खिशातून काढून टेबलावर ठेवला. तो तरुण बसमध्ये त्यांच्या समोर बसला होता आणि त्यांच्या बायकोने पिशवी उघडली तेव्हा त्याने आत पाहिलं होतं. बाई स्वतः त्याच्या घरी जाऊन पिशवी परत घेऊन आल्या. तेव्हापासून वर्णन बरोबर असलं तरी ते दुरून पाहून सांगता येण्यासारखं आहे का, हे त्या आधी विचारायच्या.

दुसरा नियम म्हणजे ज्याला वस्तूचा रंगही सांगता येत नाही त्याची ती वस्तू नव्हे. मुलीने हेही लिहून घेतलं. मग बाईंनी त्या आजींची गोष्ट सांगितली, ज्यांना छत्रीचा रंग विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, की बाळ, मला जन्मापासून दिसत नाही, तूच सांग कसला आहे. त्यांनी बारा छत्र्यांच्या मुठी चाचपल्या आणि नातवाने दातांनी कुरतडलेली मूठ बरोबर हुडकून काढली.

आठवडाभर हे असंच चाललं. शेवटी मुलीने मांडीवरचा संगणक मिटला.

“मावशी, तुमचा एकही नियम धड उभा राहत नाही. मी लिहू काय?”

“उभा राहतो की. कुणी धक्का देईपर्यंत,” बाई म्हणाल्या.

त्या दिवशी मुलगी लवकर गेली आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या जुन्या वह्या घेऊनच आली. तिने सांगितलं की बाई जे करतात त्यावर तर्कशास्त्रात एक अख्खी शाखा आहे. गणितात एकदा सिद्ध झालं की कितीही नवी माहिती येवो, जुनं उत्तर खोटं होत नाही. पण रोजच्या जगण्यातलं, कोर्टातलं आणि डॉक्टरांचंही बरंचसं अनुमान तसं नसतं. ते हातातल्या माहितीपुरतं खरं असतं आणि नवी माहिती आली की मागे घ्यावं लागतं. त्यात गैर काही नाही. म्हणून या शाखेतले लोक, माणसं नेहमी ज्या धाटणीने युक्तिवाद करतात त्या धाटण्या वेगळ्या काढतात आणि प्रत्येकीला कुठले प्रश्न विचारायचे त्याची यादी करतात. साक्षीदार सांगतो म्हणून खरं मानलं, तर त्याला ते दिसण्यासारखं होतं का? खुणेवरून अर्थ काढला, तर ती खूण दुसऱ्या कशानेही उमटली असेल का? बाई ऐकत होत्या. आपण सव्वीस वर्षं जे करत आलो त्याला नाव आहे, हे कळून त्या थोड्या लाजल्याच.

दिलेला निकाल पुन्हा उघडायची सोय ठेवायला साहेबांनी बैठकीत आडकाठी घातली. त्यांना पडद्यावर ‘प्रकरण बंद’ एवढं एकच बटण हवं होतं. पण कंपनीचे वकील बाईंच्या बाजूने बोलले. कोर्टही ज्याच्या हातात वस्तू आहे त्याची ती आहे असं धरून चालतं, म्हणाले, पण उलट पुरावा आला की ते धरणं सोडतं. फक्त तो पुरावा कुणी आणायचा एवढं आधी ठरलेलं असावं लागतं. साहेबांनी हात वर केले आणि ‘पुन्हा उघडा’ हे दुसरं बटण मंजूर झालं.

मुलीच्या कामाच्या शेवटच्या आठवड्यात न नेलेल्या वस्तूंचा प्रश्न उरला होता. मुलीने सहज विचारलं, “दोन महिन्यांत मालक आला नाही, म्हणजे त्याला ती वस्तू नको आहे, असं धरायचं ना?”

“तसं कसं धरशील?” बाई म्हणाल्या. “न येण्याला हजार कारणं असतात. कळलंच नसेल. आजारी असेल. यायची भीती वाटत असेल. आला नाही म्हणजे नको होतं, असं होत नाही.”

मुलीची बोटं चालत होती. “अजून?” तिने विचारलं.

एवढंच लिही, बाई म्हणाल्या, आणि पाणी प्यायला उठल्या. माठाजवळ त्या बराच वेळ रिकामा पेला घेऊन उभ्या होत्या. हजारो अनोळखी माणसांना त्यांनी ‘इतके दिवस का आला नाहीत?’ हा प्रश्न विचारला होता. एका माणसाला विचारला नव्हता.

रविवारी दुपारी त्या बसमध्ये बसल्या. बारा थांबे. दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं. धाकटीने दार उघडलं तेव्हा तिचे केस पिकलेले दिसले, आणि बाईंना नवल वाटलं ते आपल्याला त्याचं नवल वाटण्याचं. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. गुडघे, रक्तदाब, शेजारचं बांधकाम असं सगळं बोलून झालं. चहावर साय धरली. मग बाई म्हणाल्या, “आई गेली त्या दिवशी तू आली नाहीस. का, ते मी कधी विचारलंच नाही.”

धाकटीने कप सरकवला. “आले होते,” ती म्हणाली.

“कुठे?”

“इस्पितळाच्या गेटपर्यंत. समोरच्या बाकावर बसले होते. तिसरा मजला, डावीकडून दुसरी खिडकी. तू पिवळा टॉवेल वाळत घातला होतास.”

बाईंना आणखी खूण विचारायची गरज नव्हती. आईला पुसून तो टॉवेल त्यांनी त्या दुपारी खिडकीत टाकला होता आणि तासाभरात नर्सने ओरडून काढायला लावला होता. त्या टॉवेलबद्दल त्या कधी कुणाशी बोलल्या नव्हत्या. नर्सखेरीज खोलीत दुसरं कुणी आलंही नव्हतं.

“मग वर का नाही आलीस?”

“पाय उचलेना. वाटलं, मी वर गेले की ती गेलीच. खाली बसलेय तोवर ती आहे.” धाकटी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. “मग काळोख पडला. नंतर तुला सांगायची लाज वाटली. आणि तू विचारलंही नाहीस.”

बाईंच्या मनात राग होताच. त्या तासांत त्यांनी एकटीने जे केलं ते एकटीनेच केलं होतं, आणि बाकावर बसणाऱ्याने त्यातलं काही उचललं नव्हतं. ते त्यांनी तसं बोलूनही दाखवलं, आवाज न चढवता. धाकटीने ऐकून घेतलं. मग बाई म्हणाल्या, “पण तुला आईचं काही नव्हतं, असं मी धरून चालले होते. ते माझं चुकलं. ते मी मागे घेते.”

धाकटी रडली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, लहानपणी ठेवायच्या तसाच, मानेच्या जरा खाली. साय आलेला चहा पुन्हा गरम केला आणि तो दोघींनी प्यायला, अगदी कडू झाला होता तरी.

पुढच्या मार्चमध्ये बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांचा गौरव केला आणि नाव चुकवलं. मुलगी अधूनमधून फोन करते. पहिल्या वर्षात दुसरं बटण एकेचाळीस वेळा दाबलं गेलं, हे तिनेच कळवलं.

बहिणी आता दर रविवारी भेटतात, कधी इकडे, कधी तिकडे. आई गेली त्या दिवसाचा विषय पुन्हा निघालेला नाही. बाईंचा राग पुरता गेलेला नाही आणि तो भलत्याच जागी बाहेर पडतो. भाजी फार शिजली, दार नीट लावलं नाही, यावरून त्या धाकटीला फैलावर घेतात. धाकटी ऐकून घेते आणि जाताना त्यांच्या पिशवीत दोन कैऱ्या, नाहीतर विणलेलं काहीतरी, गुपचूप टाकते.