राखासुराला अहो-जाहो

आमच्या स्टुडिओत दोन गोष्टी रोज झाडल्या तरी उरतात: धूळ आणि किस्से. धुळीचं ठीक आहे, खाली बियाण्याचं गोडाऊन आहे. किश्श्यांचं काय करायचं? घरी सांगावं तर बायको म्हणते, "यातलं निम्मं तुम्ही जोडलेलं." साफ खोटं! मी फार तर पाव हिस्सा जोडतो.

नवीन जालन्यात हबीबभाईंचा स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना गोधड्या आणि मधोमध माइक. वीस वर्षं आम्ही तिथं बियाण्यांच्या जाहिराती केल्या, ऑटोवर भोंगा लावून गावोगाव फिरतात ना, त्या. मग पुण्याच्या एका कंपनीकडून सुपरहिरोची कार्टून मालिका मराठीत करायचं काम आलं. हिरोचं नाव झंझावात, व्हिलनचं राखासुर. राखासुर मी. आवाज जड आहे म्हणून. स्वभावाचा काही संबंध नाही!

पहिल्याच दिवशी राखासुर शहराला धमकी देतो, असा सीन. मी छातीत दम भरला. "नागरिकांनो! उद्या सूर्य उगवणार नाही! तुमचं एकही घर उभं राहणार नाही! तेव्हा आजच आपल्या जवळच्या कृषी सेवा केंद्राला भेट द्या!"

वीस वर्षांची जीभ. ब्रेकच लागला नाही.

हबीबभाईंनी हेडफोन काढला. "भाई, दुनिया खतम होऊन राह्यली, अन् तुम्ही बियाणं विकून राह्यले!"

*

पुण्याहून काम बघणाऱ्या सानिका मॅडम फोनवर असायच्या. त्यांचं म्हणणं, राखासुर नुसता गरजतो, त्याला डेप्थ पाहिजे. "काका, त्याच्या लहानपणाचा विचार करा ना."

केला! दुसऱ्या दिवशी सगळ्यांपुढे मांडला. राखासुराला लहानपणी कोणी कौतुकानं जवळ घेतलं नाही, शाळेत कायम मागच्या बाकावर बसवलं, म्हणून तो जग जाळायला निघाला. सांगता सांगता मीच खिशातून रुमाल काढला.

झंझावातच्या आईचा आवाज आमच्या मंदाताई देतात. तीस वर्षं शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "माझ्या वर्गात असे दरवर्षी बारा असायचे. एकानंही जग जाळलं नाही. तिघं तर तलाठी झाले."

*

झंझावात म्हणजे बबनराव. तीर्थपुरीचे शेतकरी. पंचक्रोशीत भारुडं गाजवलेला माणूस, आवाज असा की माइक बंद असला तरी चालेल. पण खोड एकच, खोटं बोलायचं नाही.

"उडता उडता बोलायचंय ना? मंग छातीत वारं कसं भरतं ते कळल्याबिगर कसं बोलू?"

झालं! हबीबभाईंची मोटारसायकल, अंबड रोड, पुढे मी, मागे दोन्ही हात पसरून बबनराव, त्यांच्या खिशात रेकॉर्डर. "घाबरू नका! मी आलोय!" या आरोळीनं रस्त्याकडेच्या शेळ्या उधळल्या, आणि शेळ्यांमागून पोलीस आला.

"काय चाललंय हे?"

बबनराव खोटं बोलणार थोडेच! "उडून राह्यलो, साहेब."

पोलिसानं आधी माझ्या तोंडाचा वास घेतला, मग बबनरावांच्या. बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "उडा. पण हेल्मेट घालून उडा!"

*

खरी पंचाईत पुढे होती. बबनरावांची लेक सविता ही माझी सून. म्हणजे हिरो आणि व्हिलन एकमेकांचे व्याही! आता व्याह्याला कोणी अरेतुरे करतं का? लग्नाला सहा वर्षं झाली, पण बबनराव माझ्यापुढे कधी पाय पसरूनसुद्धा बसले नाहीत.

त्यात त्यांना भारुडाची सवय. समोर माणूस असल्याशिवाय आवाज निघत नाही, म्हणून आम्ही दोघं एकाच माइकवर. स्क्रिप्टमध्ये होतं, "नीच राखासुरा, तुझा नाश अटळ आहे!"

बबनरावांनी टोपी सारखी केली. "राखासुरराव, तुमचा जरासा नाश होईल बघा."

हबीबभाईंनी मला बाहेर काढलं आणि माझ्या जागी स्वतः उभे राहिले. तरी हेडफोनमध्ये माझं राक्षसी हसणं वाजलं की बबनराव हात जोडायचे. "आवाज तर पाव्हण्यांचाच हाय ना!"

गुरुवारी सानिका मॅडमचा फोन आला. "हिरो व्हिलनला जावयासारखं का वागवतोय? उद्या पाचपर्यंत शेवटचा सीन नीट आला नाही, तर आम्हाला हिरोचा आवाज बदलावा लागेल."

बबनराव खालीच बसले. तीर्थपुरीच्या आठवडी बाजारात त्यांनी भजेवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. "मालिका लागली अन् भलत्याचाच आवाज निघाला, तर म्या बाजारात तोंड कसं दाखवू, पाव्हणं?"

मी एरवी कशावरही हसतो. त्या चेहऱ्यावर हसू आलं नाही.

*

शुक्रवार, दुपारचे साडेचार. शेवटचा सीन असा, राखासुरानं झंझावातची मुलगी राखमहालात कोंडलीय आणि झंझावात दारात येऊन उभा राहिलाय. त्याच्या तोंडावर मास्क, त्यामुळे ओठ जुळवायची कटकट नव्हती. राग तेवढा हवा होता.

हबीबभाईंनी मला पुन्हा बबनरावांसमोर माइकवर उभं केलं. सात टेक झाले. सातही वेळा बबनरावांनी माझ्याकडे मुलगी अशी मागितली, जशी माणसं शेजारी विरजण मागतात.

मंदाताई उठल्या. बबनरावांच्या हातातला कागद काढून घेतला. "वाचू नका आता. लेक कुणाची?"

"माझी."

"कुणी अडवलीय?"

बबनरावांनी माझ्याकडे बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा, सरळ डोळ्यांत. हबीबभाईंनी गुपचूप बटण दाबलं.

"लेकीला सोडा," बबनराव म्हणाले. हळूच. भारुडातला आवाज नव्हताच तो. "पंचमी गेली. दिवाळी गेली. संक्रांत गेली. दरवेळी तुमचं एकच, काम हाय, तिच्याबिगर अडतं. तिची माय आठ दिवस आधी करंज्या करून ठिवती, अन् मंग त्या शेजारच्या लेकी खात्यात. म्या कधी काही बोललो का? न्हाई बोललो. तुमचा मान ठिवला. आजबी ठिवतो. पण आज लेक घेतल्याबिगर या दारातून हलणार न्हाई! सोडता, का दार तोडू?"

शेवटच्या वाक्याला भिंतीवरची एक गोधडी खाली आली.

मंदाताई खिडकीतून बाहेर बघत होत्या. हबीबभाईंनी टेक होता तसा पुण्याला पाठवला.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन आला. स्पीकरवर टाकला.

"बबनकाका, कमाल! व्हिलनचा मान ठेवून भांडणारा हिरो मी आजवर ऐकला नव्हता. अंगावर काटा आला! हाच टेक फायनल, पंचमी-दिवाळीसकट. आणि पुढचे सगळे भाग तुम्हीच करायचे."

बबनरावांनी टोपी काढून तिनंच डोळे पुसले.

"फक्त एक शंका आहे," मॅडम म्हणाल्या. "स्क्रिप्टप्रमाणे राखासुर इथं गडगडाटी हसतो. तुमचा राखासुर 'पाठवतो, पाठवतो, उद्या सकाळच्या एसटीनंच पाठवतो' असं का म्हणतोय?"