धाकट्या जावेच्या हातातला फोर्न

आमच्या कारापूरच्या घरात स्वयंपाकघर एकच आणि सुना दोन. मी थोरली. धाकटी आली तेव्हा मला या घरात येऊन अठरा वर्षं झाली होती.

या अठरा वर्षांत मी स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट मिळवली होती, ती म्हणजे फोर्न. वर चार बर्नरांची शेगडी, खाली काचेच्या दाराचा गॅसवरचा ओव्हन, आम्ही त्याला फोर्न म्हणतो. माझ्या भावाने आखातातून परत येताना तो माझ्यासाठी आणला होता. त्यात मी केक भाजायचे, पाव करून बघायचे आणि बातक, म्हणजे रवा-खोबऱ्याचा आमच्याकडचा केक, करायचे. साखळीपासून डिचोलीपर्यंत लोक वाढदिवसाला, बारशाला मला केक सांगायचे. सासूबाई माझ्या बाकीच्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या, पण बातकाचा तुकडा तोंडात टाकला की गप्प बसायच्या. मला तेवढं पुरत होतं.

धाकटी पेडण्याची. तिच्या वडिलांचं तिथे बाजारात स्टोव्ह आणि शेगड्या दुरुस्त करायचं लहानसं दुकान होतं. मुलगा नव्हता, म्हणून शाळा सुटली की ही दुकानात बसायची. लग्नानंतर तिच्या बॅगेतून साड्यांबरोबर एक खाकी कापडाची पिशवीही निघाली. तिच्यात दोन पाने, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपरचे तुकडे आणि एका बाटलीत केसासारख्या बारीक तारा होत्या. मी हसले होते. दिराला म्हटलं होतं, तुझी बायको काय मेकॅनिक म्हणून आली की काय.

श्रावणातली गोष्ट. साखळीच्या एका शाळेतल्या बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या निरोपासाठी मोठा केक माझ्याकडे होता. दुपारी तीनला न्यायला येणार होते. सकाळी मी मिश्रण फेटून भांड्यात ओतलं, फोर्न पेटवला आणि बटण सोडलं, तर ज्योत विझली. पुन्हा पेटवला, पुन्हा तेच. बटण दाबून धरलं की पेटतो, सोडलं की विझतो. मी दहा वेळा केलं. ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला, तर तो म्हणाला उद्या येतो. मिश्रण फसफसायला लागलं होतं आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

धाकटी दारात उभी होती. तिने विचारलं, मी बघू का? मी नाही म्हणायच्या आतच सासूबाई म्हणाल्या, बघ गो.

तिने आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, मग फोर्नच्या आतला पत्रा काढला. जिथे ज्योत येते तिथे तांब्याच्या टोकाची एक बारीक कांडी होती. तिच्यावर काजळी धरली होती. धाकटी म्हणाली, ही कांडी गरम झाली की गॅस चालू ठेवते, काजळीमुळे तिला आच लागतच नाही. पॉलिश पेपरने तिने ती हलक्या हाताने चकचकीत केली, थोडी ज्योतीकडे सरकवून बसवली आणि पत्रा लावला. मला म्हणाली, आता पेटवा. मी पेटवला, बटण दाबून धरलं, हळूच सोडलं. ज्योत राहिली.

केक वेळेवर गेला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण फार तर पाच मिनिटं. सासूबाई शेजारच्या काकूंना अंगणातून ओरडून सांगत होत्या की आमच्या धाकटीने फोर्न दुरुस्त केला, मेकॅनिकचीसुद्धा गरज पडली नाही. केक कुणी केला ते त्या बोलल्याच नाहीत.

त्यानंतर वाड्यावरच्या बायकांची रांग लागली. कुणाचा बर्नर पिवळा जळायचा, कुणाचं बटण फिरायचं नाही. शेगड्या आमच्या बल्कांवात, दारापुढच्या ओसरीत, येऊन पडायला लागल्या. दारात कुणी आलं की मला बघून विचारायचं, धाकटी आसा? मी केकची ऑर्डर आली असेल म्हणून हात पुसत बाहेर जायचे आणि आत वळून तिला हाक मारायचे. आपल्याच घरात दुसरीसाठी निरोप्याचं काम करताना माणसाला कसं वाटतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

ती वाईट वागली असती तर बरं झालं असतं. ती मला मान द्यायची, पहिला चहा मला द्यायची. काम करताना समजावून सांगायची की बर्नर धुतला तर पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचा नाही, ओला असला तर ज्योत फडफडते. बटण घट्ट झालं तर आत ग्रीस लागतं, तेल नाही. रेग्युलेटर मात्र घरी कधीच खोलायचा नाही. बायका माना डोलवायच्या. मी भाजी चिरत ऐकायचे आणि तिच्या पदराला ग्रीसचा डाग दिसला की मनातल्या मनात समाधान मानायचे.

एक दिवस जेवताना माझे यजमान सहज म्हणाले, तूही तिच्याकडून थोडं शिकून घे. मी ताटावरून उठले नाही, पण त्यांना पुन्हा आमटी वाढली नाही.

चतुर्थी झाल्यावर ती आठ दिवस माहेरी गेली. तिसऱ्या दिवशी शेगडीचा पुढचा डावा बर्नर मंद जळायला लागला. मला वाटलं, आता करून दाखवायचं. मी तिचं काम इतक्या वेळा बघितलं होतं. रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, बर्नर काढला, घरातल्या जुन्या पान्याने जेट सैल करून बाहेर काढला. जेट म्हणजे शेंगदाण्याएवढा पितळेचा तुकडा, मधे डोळ्याला जेमतेम दिसेल एवढं भोक. ते बुजलं होतं. तिच्या बारीक तारा तिच्याबरोबर पेडण्याला गेल्या होत्या. मी पोती शिवायचं दाभण घेतलं आणि त्याचं टोक आत घालून जोर लावून फिरवलं. कचरा निघाला. भोकही छान मोकळं झालं. मी खूश झाले.

पेटवला तर ज्योत वीतभर उंच, पिवळी, भांड्याला वेढून वर येणारी. दोन मिनिटांत सासूबाईंच्या चहाचं टोप बाहेरून काळं ठिक्कर. मी घाईघाईने तो बर्नर बंद केला आणि जेट पुन्हा काढून बघितला, पण मोठं झालेलं भोक लहान कसं करणार?

सासूबाईंनी टोप बघितलं. "धाकटीने हात लावलेला काय गो याला?" त्यांनी विचारलं.

त्यांनी तो प्रश्न विचारला नसता तर माझ्या मनातही आलं नसतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं तर तो प्रश्न मी वाटच बघत असल्यासारखा झेलला.

"जायच्या आधी तिनेच साफ केला होता," मी म्हटलं.

बस, एवढंच. बाकीचं काम सासूबाईंनी केलं. पुढचे चार-पाच दिवस त्या येईल त्या बाईला काळं टोप दाखवत होत्या. शिकाऊच शेवटी, म्हणत होत्या. एक बाई आपली शेगडी बल्कांवातून न दुरुस्त करताच उचलून घेऊन गेली. तिला मी दारापर्यंत पोचवायला गेले. ते दिवस मला बरे गेले, हे मी लपवत नाही. त्या आठवड्यात मी केलेलं बातक फार सुंदर झालं होतं.

धाकटी परत आली ती संध्याकाळी चारच्या बसने. पिशवी खाली ठेवायच्या आत सासूबाईंनी तिला शेगडीपुढे उभी केली. शेजारच्या काकूही होत्या. तिने बर्नर काढला, जेट काढला आणि खिडकीकडे जाऊन एक डोळा मिटून भोकातून उजेड बघितला. बराच वेळ बघितला. भोकाच्या कडेला दाभणाचे ओरखडे होते. मग तिने दाभण जिथे खिळ्याला टांगलेलं असतं त्या भिंतीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"हो आई," ती म्हणाली, "माझ्याकडूनच झालं असेल."

दुसऱ्या दिवशी तिने साखळीच्या बाजारातून नवीन जेट आणला आणि बसवला. ज्योत निळी झाली. मी दुपारी, सगळे निजले असताना, तिच्या खोलीत गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी विचारलं, का नाही बोललीस?

ती घड्या घालतच राहिली. म्हणाली, "बाबा सांगायचे, जेट कुणी बिघडवला ते गिऱ्हाइकाला विचारायचं नाही. विचारलं की माणूस पुढच्या वेळी लपवतो. आणि गॅसच्या कामात कुणी काही लपवलं तर घर जळतं."

तिने मला गिऱ्हाईक म्हटलं याचाही मला राग आला.

तिच्याजवळ मी कबूल केलं नाही आणि सासूबाईंजवळ तर नाहीच. दिवस गेले. सासूबाईंनी तिला शेगडी खोलायला बंदी केली होती. बायकाही यायच्या बंद झाल्या होत्या. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि मला ती स्वयंपाकघरात आली की बाहेर जावंसं वाटत होतं.

दिवाळीच्या पहाटे आमच्याकडे पोहे करतात, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी नारळ खवत होते. मला गॅसचा वास आला. फार नाही, कुठून तरी पुसट. धाकटीलाही आला. तिने रेग्युलेटर बंद केला आणि नळी तपासायला वाकली, तर सासूबाई म्हणाल्या, तू नको, मेकॅनिकला बोलवा. मेकॅनिक सणाच्या दिवसांत कुठला यायला. घरात पाहुणे होते, माझी नणंद सुर्ल्याहून मुलांना घेऊन आली होती, शेजारच्या काकू पोहे निवडायला बसल्या होत्या. सासूबाई हट्टाला पेटल्या होत्या. म्हणाल्या, हिने मागच्या खेपेला काय केलं ते मी विसरले नाही.

धाकटी सरळ उभी राहिली आणि बाजूला झाली.

मी खवणीवरून उठले. माझ्या हाताला खोबरं होतं. "आई," मी म्हटलं, "तो जेट मी बिघडवला. दाभण घालून. ती पेडण्याला गेल्यावर."

काकूंचा सुपातला हात थांबला. नणंद माझ्याकडे बघत राहिली. मग सासूबाई धाकटीला म्हणाल्या, "बघ गो तू."

तिने वाटीत साबणाचा फेस केला, रेग्युलेटर क्षणभर चालू केला आणि नळीवर फेस लावत गेली. शेगडीच्या बाजूच्या टोकाला, क्लिपच्या खाली, बुडबुडे यायला लागले. नळी तिथे तडकली होती. तिने लगेच रेग्युलेटर बंद केला, दिराला नवीन नळी आणायला पाठवलं, ती आल्यावर बसवली, पुन्हा फेस लावून बघितला. एकही बुडबुडा नाही. दुसऱ्या दिवशी पोहे वेळेवर झाले.

सासूबाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. ते मी धरूनच चालले होते. पण पुढे जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. नणंद आणि काकू यांनी ती हकीकत वाड्यावर सांगितली आणि लोकांनी धाकटीचं नव्याने कौतुक सुरू केलं. आधी हुशार म्हणायचे, आता मनाने मोठी म्हणायला लागले. जावेचा दोष आपल्या अंगावर घेतला आणि दोन महिने अवाक्षर काढलं नाही. मी सगळ्यांपुढे उभी राहून कबूल केलं होतं, आयुष्यात मला एवढं जड काहीच गेलं नव्हतं, आणि त्याचंही श्रेय तिलाच मिळालं. शेगड्या पुन्हा बल्कांवात आल्या.

त्या दिवाळीनंतर मी तिच्याकडून काम शिकले. मी विचारलं नव्हतं. एक दिवस तिने माझ्यासमोर बारीक तार धरली आणि म्हणाली, वयनी, जोर लावायचा नाही, फक्त आत-बाहेर. मी चिडून तार घेतली. माझा हात तिच्यापेक्षा स्थिर आहे, केकवर क्रीमची नक्षी काढून झालेला. हे तिनेच मला सांगितलं. मी आतून खूश झाले आणि ते दाखवलं नाही.

आता ती आणि दीर डिचोलीला फ्लॅट घेऊन राहतात. रविवारी येतात. मधे कधी बर्नर कुरकुर करायला लागला की सासूबाई म्हणतात, राहू दे, रविवारी धाकटी बघेल. मी दुपारी बर्नर काढते, धुते, उन्हात कडक वाळवते, जेटमधून तार फिरवते आणि बसवून ठेवते. रविवारी ती येते, चहा ठेवायला शेगडी पेटवते आणि ज्योत निळी लागते.

"बघ," सासूबाई म्हणतात, "तिचा नुसता हात लागला तरी पुरे."

ती लगेच म्हणते, नाही आई, हे वयनींचं काम आहे. सासूबाई हसतात. त्यांना वाटतं, ती पुन्हा मोठेपणा दाखवते आहे.