सारख्या दिसलेल्या पट्ट्या

आमच्या लॅबमधल्या करुणाला चूक दाखवायची सोय नव्हती. रिपोर्टवर एकदा सही केली की विषय संपला, असा तिचा खाक्या. काम मात्र चोख, म्हणून आम्ही गुमान ऐकून घ्यायचो.

गेल्या साली सिडकोतल्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात नवजात बाळं तापली. एक दगावलं. बाळांच्या रक्तातले जंतू आणि तिथं काम करणाऱ्या बायकांच्या हातांवरचे जंतू आमच्याकडे तपासायला आले. तेव्हा आमची पद्धत अशी होती: जंतूच्या डीएनएचे तुकडे जेलीतून पळवायचे आणि उमटलेल्या पट्ट्या जुळतात का, ते डोळ्यांनी बघायचं. बाळांना सांभाळणाऱ्या आशाबाई मावशीच्या हातावरच्या जंतूच्या पट्ट्या बाळांच्या जंतूशी जुळल्या. करुणानं 'एकच जंतू' असं लिहून सही ठोकली आणि मावशीची नोकरी गेली.

यंदा जंतूचा डीएनए अक्षरन्‌अक्षर वाचणारं मशीन आलं. जुनी आणि नवी पद्धत ताडून बघायची होती. करुणानं मोठ्या तोऱ्यात हेच नमुने फ्रीजरमधून काढले.

"यात दोन्ही पद्धती एकच सांगणार, बघा."

निकाल आला. मावशीच्या हातावरचा जंतू त्याच प्रकारचा, पण वंश पार वेगळा. बाळांचा जंतू जुळला तो वॉर्डातल्या बेसिनच्या जाळीवरच्या जंतूशी; तो नमुनाही तेव्हाच आला होता, पण मावशीचं जुळल्यावर तपासायचा राहिला होता. करुणा खुर्चीत बसली ती उठेचना. "मी एका बाईला..." मला तिचा भयंकर राग आला होता, पण तो चेहरा बघून गिळला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी स्कूटीवरून शेंद्र्याला मावशीच्या घरी गेलो. मावशी पाळण्यापासून लांब बसून दोरी ओढत होती. आत नातू टाहो फोडत होता. सून बाहेर गेलेली. मावशी दारापर्यंत जाऊन तिला हाका मारून आली, पण बाळाला उचललं नाही.

करुणानं मान खाली घालूनच सगळं सांगितलं. "मावशी, तुमच्या हातून काही झालं नव्हतं. चूक माझी. दवाखान्याला तसं लिहून दिलंय."

मला वाटलं, आता मावशी शिव्या घालणार. घालायलाच हव्या होत्या. तिनं नुसते हात पदराला पुसले.

"मंग म्याडम," तिनं भीत भीत विचारलं, "ह्याला मी घेऊ का? जन्मल्यापसून हात नाय लावला."

परवानगी ती करुणाकडंच मागत होती, आणि करुणाला मान वर करवत नव्हती. शेवटी मीच बाळ उचलून मावशीच्या मांडीवर दिलं.