पुरस्काराच्या अर्जातला भात

कार्तिकातला दुसरा रविवार, सकाळचे दहा. स्थळ काशीत ब्रह्मा घाटावरच्या गल्लीत दादाचं स्वयंपाकघर. हजर: वहिनी, माझी भाची आणि मी. गैरहजर: दादा, कारण तो घाटावर एका यजमानांचं श्राद्ध चालवत होता. त्याने लिहून ठेवलेला मसुदा मात्र टेबलावर हजर होता.

काम एकच. जिल्ह्यातल्या लहान व्यावसायिकांच्या पुरस्कारासाठी वहिनीच्या खानावळीचा अर्ज बुधवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचा. पुरस्कार मिळाला तर स्टेशनवर वर्षभरासाठी जेवणाचा स्टॉल मिळतो, आणि वहिनीला तोच हवा होता. पूर्वी महाराष्ट्रातून येणारे यजमान दादाकडेच जेवत. आता बरेचसे हॉटेलात उतरतात आणि तिथेच जेवतात. पंगत अशीच रोडावत गेली, तर तिच्या हाताखालच्या दोघी बायकांना होळीनंतर येऊ नका म्हणून सांगावं लागणार होतं. ते तिच्या तोंडून निघणं अवघड होतं.

मी बँकेत लोकांचे अर्ज तपासते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. जाताना यादी करूनच गेले. प्रश्न नीट वाचणे. विचारलं तेवढंच लिहिणे. विशेषणं काढणे. पुरावे जोडणे.

भाचीने दादाचा मसुदा वाचायला घेतला. तीर्थपुरोहित वहीत यजमानांचं कूळ उतरवतात, तसा त्याने अर्ज उतरवला होता. गोत्र, मूळ गाव, कोकणातून काशीला आधी कोण आलं, त्यांचे पुत्र, मग त्यांचे पुत्र. दुसरं पान संपत आलं तरी दादाचा जन्म झाला नव्हता. वहिनी शेवटच्या ओळीत आली, तीही नुसती ‘सहधर्मचारिणी’ म्हणून. मालकाच्या रकान्यात दादाचं नाव.

“आत्या, इसमें खाना कहाँ है?” भाची म्हणाली.

वहिनी इतकी हसली की तिला पदराने डोळे पुसावे लागले. मग मी पहिला प्रश्न विचारला: तुमच्या व्यवसायात वेगळं काय? आमटी-भात, वहिनी म्हणाली. पुन्हा विचारलं, तर कांदा-लसूण नसतो, एवढं वाढवलं. तोवर भाचीने ‘उत्कृष्ट, दर्जेदार व पारंपरिक’ असं टाइप केलं होतं. ते खोडायला लावलं. अर्धा तास गेला आणि कागद कोराच.

तेवढ्यात वहिनीचा फोन एकदा वाजून बंद झाला. ती उठली आणि तिने धुतलेले तांदूळ गॅसवर चढवले. मिनिटभराने फोन पुन्हा तसाच वाजून थांबला. तिने गॅस बारीक केला. उचलत का नाही, असं मी विचारलं.

“तुमचे दादा आहेत, वन्सं. पिंड गंगेत सोडले की एक मिस्ड कॉल. मंडळी गुडघेदुखीची असली की दोन. मग भात जरा सावकाश.”

मी पेन उघडलं. एकेक विचारत गेले तसं समजलं ते असं: विधी आटपेपर्यंत यजमानांकडची माणसं उपाशी असतात आणि तो कधी आटपेल ते सांगता येत नाही. हॉटेलातल्या जेवणाच्या वेळा ठरलेल्या. इथे माणसं पायऱ्या चढून दारात येतात, तेव्हा भात नुकता उतरलेला असतो.

“यात लिहायचं काय? भात सगळ्याच लावतात,” वहिनी म्हणाली.

स्टेशनवरही तेच, भाची म्हणाली. गाड्या उशिरा येतात, आणि गाडी कुठवर आली ते फोनवर दिसतं. हे वाक्य मी अर्जात जसंच्या तसं घातलं. एकूण दीड पान झालं.

दादा वर आला तो श्राद्धाला आलेल्या दोन वृद्ध बहिणींना घेऊन. त्यांची पानं वाढली, भातातून वाफ निघत होती. दादाने उभ्या उभ्या नवा अर्ज वाचला.

“पूर्वज कुठे गेले?”

“स्वर्गात,” मी म्हटलं. “त्यांना स्टॉल नकोय.”

तो हसला. मग पेन मागून घेतलं, मालकाच्या रकान्यातलं स्वतःचं नाव खोडलं आणि वहिनीचं लिहिलं, माहेरच्या नावासकट.

पुरावा म्हणून जेवून गेलेल्या दोन ग्राहकांची पत्रं हवीत. एक मी त्या बहिणींकडून जेवण झाल्यावर लगेच लिहून घेतलं. दुसरं सांगलीच्या एका मास्तरांचं. ते तीन वर्षं न चुकता येतात आणि वहिनीला मुलगी मानतात, तेव्हा फोन तिनेच करायचा, असं ठरलं. सोमवारी ती म्हणाली, ते पूजेत असतील. आज मंगळवार, आज म्हणाली, दुपारचे झोपले असतील. मी करते म्हटलं, तर नंबर देत नाही. स्वतःचं कौतुक स्वतः फोन करून कसं मागायचं, हा तिचा खरा प्रश्न आहे.

अर्ज उद्या संध्याकाळी बंद होतो. सांगलीचा फोन अजून राहिलाय.